सीतादहीचं दही

कौशल्येनं आदल्या दिवशी नवऱ्याला तीनदा सांगितलं होतं. "अवो, पार्बताबाईकडून दही आना. उद्या वेचनीच्या बाया येऊन राहिल्या."

"आनतो ना. सकाळी पाहू," शालिकराम तिन्ही वेळा म्हणाला आणि त्यानं कूस बदलली.

हा माणूस असाच. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला कधी नव्हे तो भाव आला. साऱ्या वऱ्हाडानं चराईची रानंसुद्धा नांगरून कपाशी पेरली, तेव्हा यानं पेरली ती सगळ्यांत शेवटी, तीही कौशल्येनं बैल जुंपून दिले म्हणून. आता चाऱ्यावाचून गावातल्या म्हशी आटल्या होत्या आणि दही मिळायचं ते एकट्या पार्बताबाईकडं. दह्याशिवाय तर गाडं हलणार नव्हतं. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करायची, कपाशीच्या झाडांना दहीभात वाहायचा, ही रीत. त्याआधी कुणी बाई बोंडाला हात लावत नाही, मग भाव काही का असेना.

सकाळी वेचणाऱ्यांची म्होरकी जमुना दहा बाया घेऊन वावरात येऊन बसली. वावर लहानच, पण फुटून पांढरंशुभ्र झालेलं, आणि वर आभाळ भरून आलेलं. पाऊस पडला की वर्षाचा कापूस मातीत जाणार होता. भात तयार होता. दही नव्हतं.

"जातो म्हनलं ना," म्हणत शालिकराम एकदाचा निघाला. दही त्याला लगेच मिळालं. पण येताना तो शेजारच्या वावरवाल्या सूर्यभानाच्या ओट्यावर चिलीम ओढत टेकला. टेकला तर टेकला, वर बोललाही, "बाया बसल्या हायेत वावरात. काई घाई नाई."

सूर्यभानाला तेवढंच पुरलं. त्याची वेचणी दोन दिवसांनी होती. तो शालिकरामाला चिलीम देऊन मागच्या दारानं तडक वावरात आला.

"जमुनाबाई, इथं काहून बसल्या? माह्या वावरात चला."

"थोडा दम धरा वो," कौशल्या म्हणाली.

"आमी धरू बाई, पन आभाय कुठं धरून राहिलं?" जमुना उठली. तिच्यामागं सगळ्या बांध ओलांडून गेल्या. कौशल्येचा नुसता संताप संताप झाला.

मग शालिकराम आला, मडकं सांभाळत. "बाया कुठं गेल्या?"

"सूर्यभानाच्या वावरात."

"मंग सीतादही उद्याच पाहू."

कौशल्येनं त्याच्या हातातलं मडकं हिसकावलं. सगळं दही भातात कालवलं, पाच झाडांना वाहिलं, हात जोडले आणि एकटीच वेचायला लागली.

घटकाभरात सूर्यभान धापा टाकत बांधावर हजर. "वहिनी, थोडं दही द्या. पार्बताबाईकडचं सरलं, अन् बाया हात लावून नाई राहिल्या."

कौशल्येनं मडकं पालथं करून दाखवलं. पलीकडून जमुनानं विचारलं, "झाली का तुमची सीतादही?"

"झाली."

जमुना दहाच्या दहा बाया घेऊन परत आली. पाऊस आला तेव्हा शेवटचं गाठोडं घरात पडलं होतं.

संध्याकाळी पारावर शालिकराम सांगत होता, "काम म्हनलं का आपन थांबत नाई. दही अगुदर कोनं आनलं?" लोकांनी माना डोलावल्या. तेव्हापासून त्या गावात झटपट काम उरकणाऱ्याला शालिकराम म्हणतात, अजूनही.

घरी येऊन तो पाटावर बसला. "वाढ वो, भूक लागली."

कौशल्या अंथरुणावर आडवी झाली होती. "वाढते ना. सकाळी पाहू," ती म्हणाली आणि तिनं कूस बदलली.