हाक पोहोचते काय

आमच्या गावात मोबाइलवर भांडण झालं की वरची गल्ली आणि खालची गल्ली एकमेकींपासून लांब जातात. एका फॉरवर्डला चार बोटं, एका शिवीला एक हात, आणि कुणी रागानं ग्रुप सोडला तर दोन पावलं. हे माप ग्रामसेवक घोलप भाऊसाहेबांनी वर्षभर टेप लावून काढलं आहे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलं आहे. घरांना तडा जात नाही, चुलीवरचं दूध हिंदकळत नाही. फक्त मधली जागा वाढते.

मी ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतो. टाकी वरच्या गल्लीच्या टोकाला आहे आणि तिथून एक नळ खालच्या गल्लीला जातो. गल्ल्या सरकल्या की नळ जोडातून निसटतो, म्हणून अंतर किती वाढलं ते पहिल्यांदा मलाच कळतं. वीस फुटांचा एक तुकडा, याप्रमाणे दोन वर्षांत मी एकशे सहा तुकडे जोडले. पूर्वी दोन गल्ल्यांमध्ये पाच फूट बोळ होता.

त्या बोळाच्या अलीकडे आमचं दार आणि पलीकडे हौसामावशीचं. माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, एकाच गावात दिलेल्या. दोघी आपापल्या उंबऱ्यावर उभ्या राहून हात लांब करायच्या आणि विरजणाची वाटी इकडून तिकडं जायची. आता मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि ती वॉकर धरून घरातल्या घरात फिरते. आई रोज डबा घेऊन दोन हजार फूट चालत जाते. तिचे गुडघे दुखतात. मधल्या जागेत एकही झाड नाही, कारण ती जागाच नवीन आहे.

सुरुवात माझ्यापासून झाली, हे मी भाऊसाहेबांना लेखी दिलं आहे.

माझ्या आधी हे काम वडील करायचे. सकाळी सहाला व्हॉल्व्ह फिरवला की ते टाकीच्या कठड्यावर उभे राहून ओरडायचे, “पाणी आलंऽऽ!” मग खालच्या गल्लीतल्या एकेक घरातून ओ यायची, “आलंऽऽ!” एकेचाळीस घरं, एकेचाळीस ओ. ज्या घरातून ओ आली नाही तिथं वडील बघून यायचे. नळ तुंबलेला असायचा, नाहीतर माणूस आजारी असायचं.

वडील गेल्यावर काम माझ्याकडं आलं. मला मोठ्यानं बोलायला जमत नाही. चार माणसं बघायला लागली की घसा बंद होतो. म्हणून मी ‘आपली बोरजाईवाडी’ या ग्रुपवर लिहू लागलो : पाणी सोडले आहे. लोक अंगठा दाखवायचे. चार महिने ठीक चाललं. मग एक दिवस खालून कुणीतरी लिहिलं, “वरच्यांच्या टाक्या भरल्या वाटतं.” वरून उत्तर आलं, “ज्यांना मत दिलं त्यांच्याकडं मागा की पाणी.” दुपारपर्यंत त्यात दिल्लीतले पुढारी आले. कुठल्या तरी लांबच्या गावातली मारामारी आली, तिचा व्हिडिओ आला, तो खोटा आहे असं सांगणारा दुसरा व्हिडिओ आला. संध्याकाळी मी बघितलं तर बोळ एक हात रुंद झाला होता आणि नळातून पाणी गळत होतं.

पुढं खालच्यांनी ‘खरी बोरजाईवाडी’ असा वेगळा ग्रुप काढला. त्याचा अ‍ॅडमिन मावशीचा मुलगा सर्जेराव. मी वरच्या गल्लीचा म्हणून त्यानं मला ग्रुपमध्ये घेतलं नाही. खालच्यांना पाणी सोडतो म्हणून वरच्यांनी मला त्यांच्यातून काढलं. तेव्हापासून पाणी कधी आलं ते खालच्या गल्लीत कुणालाच कळत नाही. मावशी नळाखाली घागर लावून पहाटेपासून बसून असते.

गेल्या महिन्यात तालुक्याहून पत्र आलं. भाऊसाहेबांनी मला बोलावून वाचून दाखवलं. आमच्या दोन गल्ल्या एक गाव म्हणून ठेवायच्या की दोन गावं म्हणून नोंदवायच्या, हे ठरवायला मोजणीदार येणार होते. नमुन्यात दोनच रकाने होते. एक, ‘अंतर’. दुसरा, ‘हाक पोहोचते काय’.

“हाक कशाची?” मी विचारलं.

“गाव म्हणजे काय, तर एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पोहोचते आणि तिकडून ओ येते ती वस्ती. जुना नियम आहे. हाक ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यानं द्यायची. तीनदा.”

“पण कर्मचारी तर...”

“तूच एकटा,” भाऊसाहेब म्हणाले. “मी जिल्हा परिषदेचा. मला चालत नाही.”

“आणि नाही पोहोचली तर?”

“तर दोन गावं. आणि हे बघ निवास, एकदा नोंद झाली की अंतर नोंदीच्या खाली येत नाही. उंबरसोंडी गावाचं बघितलंस ना? सहाशे फुटांवर नोंद झाली. आता ते लोक एकमेकांना लाडू भरवतात, पण सहाशेचं पाचशे नव्याण्णव होत नाही. तिथल्या एका सुनेचं माहेर समोरच्या दारात होतं. ती आता माहेरी जाताना पिशवी भरून जाते.”

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती गुडघ्याला तेल चोळत होती. म्हणाली, “म्हंजे मी मरंस्तोवर रोज दोन हजार फूट?”

“दोन हजार एकशे पंचवीस.”

“तुझा बा असता तर आत्ता घरात बसून हाक मारली असती त्यानं,” ती म्हणाली आणि तेलाची वाटी बाजूला ठेवली.

मोजणी शुक्रवारी होती. आदल्या दिवशी मी सर्जेरावाला भेटायला गेलो. तो कट्ट्यावर बसून मोबाइल बघत होता.

“ओ द्यायची तेवढी, दादा,” मी म्हणालो.

“जरा मोठ्यानं बोल, ऐकायला येईना.”

“ओ. द्यायची. तेवढी.”

“तुमच्या वरच्यांच्या छत्री पॅनलनं पाठवलंय व्हय तुला?”

“मी पाण्याचं बघतो.”

“तेच म्हणतो मी. पाणी बी तुमचंच, हाक बी तुमचीच, आन् ओ तेवढी आमची?” त्यानं मोबाइलवर काहीतरी लिहिलं. मला पायाखाली चार बोटं सरकल्यासारखं वाटलं. आतून मावशी ओरडली, “सर्ज्या, त्याला च्या दे आधी. भांडान मागनं कर.” चहा झाला. तो चांगला होता. ओ देण्याचं मात्र त्यानं कबूल केलं नाही.

शुक्रवारी सकाळी मोजणीदार वाघचौरे साहेब आले. त्यांनी वरच्या गल्लीपासून खालच्या गल्लीपर्यंत लांब टेप अंथरली आणि स्वतः मावशीच्या दारात खुर्ची टाकून बसले. हाक ऐकू आली नाही तर त्यांनी लाल फडकं दाखवायचं ठरलं होतं. फोन करून विचारायला नियमात परवानगी नव्हती. मी टाकीच्या कठड्यावर चढलो. खाली वरची सगळी गल्ली जमली होती. आई पुढंच उभी होती, हातात डबा घेऊन.

“चल, पहिली,” भाऊसाहेब म्हणाले.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पलीकडं लाल फडकं हललं.

“ह्यो काय हाक मारतोय, ह्यो तर लगीन झाल्यावर बायकोला बी मेसेज करंल,” गर्दीतून तानाजी शेलार म्हणाला. सगळे हसले. दुसऱ्या हाकेला मी “पाणी” एवढं म्हणालो, पण ते कठड्याखालीच पडलं. पुन्हा फडकं हललं.

“शेवटची,” भाऊसाहेब हळूच म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सहा कधीचे वाजून गेलेत आणि मी व्हॉल्व्हच फिरवलेला नाही. मोजणीच्या धांदलीत विसरलो होतो. मावशी पहाटेपासून घागर लावून बसली असणार. मी वाकून व्हॉल्व्ह फिरवला. पाणी नळातून गेल्याचा आवाज आला. एकशे सहा तुकड्यांतून त्याला जायला वेळ लागतो, तेवढा वेळ मी थांबलो. मग माझ्या डोळ्यांसमोर ना मोजणीदार होते ना माणसं. फक्त मावशीची घागर होती. ती भरून वाहून जाणार आणि तिला वाकता येत नाही.

“मावशेऽऽ,” मी ओरडलो, “पाणी आलंऽऽ!”

आवाज वडिलांसारखा नव्हता. मध्ये फाटला. पलीकडं फडकं हललं नाही. मग लांबून, डासासारखं बारीक, ऐकू आलं, “आलं रंऽऽ! आज उशीर केलास मुडद्याऽऽ!”

माझ्या समोर टेप सैल पडली. नळाचे अडीच तुकडे एकमेकांवर चढून उभे राहिले आणि जोडातून पाण्याचा फवारा उडाला.

खालच्या गल्लीत लोक हंडे घेऊन बाहेर आले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना पाणी आल्याचं कळलं होतं. मावशीच्या शेजारच्या घरातून सवयीनंच ओ आली, “आलंऽऽ!” मग पुढच्या घरातून. ओ देणाऱ्याला आपण ओ दिल्याचंही कळत नसावं, हात हंड्याखाली होते. एका ओमागे अडीच तुकड्यांवर थोडं, असा दर पडला. मी पान्हा घेऊन पळत सुटलो आणि तुकडे काढू लागलो, नाहीतर सगळा नळ फुटला असता. “अरं, त्याला हात लावा की!” आई ओरडली, तेव्हा तानाजी शेलार पान्हा घेऊन आला. शर्ट भिजला तरी तुकडे काढत राहिला.

गल्ली जवळ येत होती आणि वाघचौरे साहेब खुर्चीवर बसल्या बसल्याच जवळ येत होते. त्यांच्या हातात नमुना होता. “हाक पोहोचली,” ते म्हणाले. “होय लिहितो. अंतर सध्या नऊशे...”

“साहेब, आधी चहा,” पळत त्यांच्यापाशी पोहोचलेले भाऊसाहेब म्हणाले.

“नोंद करून घेतो.”

“चहा गार होईल साहेब. नोंद गार होत नाही.”

साहेबांनी मावशीच्या घरचा एक कप घेतला. तोवर अंतर चारशेवर आलं. मावशीनं दुसरा कप दिला. त्यात साखर जास्त झाली म्हणून तिसरा. एकेक ओ येतच होती. शेवटी सदतीस घरं झाली, अडतीस झाली, चाळीस झाली. मग ओ थांबली. मध्ये पन्नासेक फूट राहिले होते. साहेबांनी कप खाली ठेवला आणि पेन उचललं.

एकेचाळिसावं घर म्हणजे सर्जेरावाची वेगळी चूल, मावशीच्या घरामागची; त्याचा नळ मात्र पुढच्या अंगाला. तो नळासमोर उभा होता. त्याची बादली भरून वाहत होती. त्यानं मोबाइलकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पान्हा घेऊन पन्नास फुटांवर ओलाचिंब उभा होतो.

“बघतोस काय?” तो म्हणाला. “आलंय की पाणी! आंधळा हाईस काय?”

“याला ओ म्हणायचं का?” साहेबांनी विचारलं.

भाऊसाहेबांनी विचार केला. “आमच्याकडं म्हणतात,” ते म्हणाले.

नोंद आठ फुटांवर झाली. पूर्वीपेक्षा तीन फूट जास्त. त्याच्या खाली आता येणार नाही. वर जायला मात्र बंदी नाही, म्हणून काढलेले नळ मी टाकीखाली रचून ठेवले आहेत. रोज सहाला कठड्यावर चढतो. अजून घसा बंद होतो, पण व्हॉल्व्ह आधी फिरवला की हाक द्यावीच लागते.

दोन्ही ग्रुप चालू आहेत. परवा फलकावर सहा बोटं वाढल्याची नोंद होती, काल ती पुसलेली होती.

आई आणि मावशी उंबऱ्यावरून हात लांब करतात, पण आठ फुटांत वाटी पोहोचत नाही. दोघींना एकेक पाऊल खाली उतरावं लागतं. पहिल्या दिवशी मावशीला त्या एका पावलाला बराच वेळ लागला. आई वाटी धरून उभी राहिली.