आपोआप भरणारं रेटिंग

ऑफिसच्या बुद्धिबळ संघात पहिल्या पटावर कोण बसणार, हा प्रश्न साहेबांनी दोन मिनिटांत निकालात काढला. नकाशा विभागातल्या ड्राफ्ट्समनचं मोबाइलवरचं रेटिंग अठराशे. रेकॉर्ड रूममधल्या काकांचं, क्लबात लाकडी पटावर कमावलेलं, तेराशे. अठराशे मोठे की तेराशे, हे कळायला साहेब असण्याचीही गरज नव्हती.

"आकड्यांचं राहू द्या," काका म्हणाले. "शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत एक डाव होऊन जाऊ दे. जिंकेल तो पहिल्या पटावर."

"होऊनच जाऊ दे!" ड्राफ्ट्समनने बाह्या सरसावल्या.

त्याचं रेटिंग होतंही गुणी. रोज सकाळी चहा पिता पिता तो चार डाव खेळे, त्यात चाळीस-पन्नास गुण घालवी आणि संध्याकाळी बघावं तर अठराशे पुन्हा जागच्या जागी. "विश्रांती दिली की आपोआप भरतं," असं तो सगळ्यांना छातीठोकपणे सांगे. ॲपवाल्यांनी काहीतरी सोय केली असणार, असं समजून तो कधी खोलात शिरला नव्हता. आता तर त्याने शुक्रवारपर्यंत मोबाइलवर एकही डाव न खेळण्याचा निश्चय केला आणि तो पाळलाही.

शुक्रवारी जेवणाचे डबे बाजूला सारून पट मांडला गेला आणि शेजारी, आपली चाल झाली की दाबायचं, क्लबातलं घड्याळ ठेवलं गेलं. नकाशा विभाग झाडून हजर होता. सातव्या चालीला ड्राफ्ट्समनने घोडा उचलला आणि तो हवेत धरून बसला.

"काय बघताय?" काकांनी विचारलं.

"ठिपके कुठायत? घोडा कुठे कुठे जातो ते दिसत नाहीये."

मोबाइलवर सोंगटीला बोट लावलं की जायच्या घरांवर ठिपके उमटत. लाकूड मात्र ढिम्म. त्याने गुपचूप घोडा जागेवर ठेवला.

"अंहं. हात लावलात, आता तोच चालवा," काका म्हणाले.

घोडा हलला आणि त्याच्या आडोशाला उभा असलेला वजीर गेला. तरी गडी खचला नाही. दात-ओठ खाऊन लढत राहिला आणि विसाव्या चालीला त्याने काकांना असा शह दिला की काका नुसते बघतच राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, काका हलेनात.

"अडकले!" तो साहेबांच्या कानात कुजबुजला.

"अहो, तुम्ही चाल केल्यावर घड्याळ दाबलं नाहीत," काका शेवटी म्हणाले. "तुमची वेळ संपली."

मोबाइलवर घड्याळ आपलं आपण बदलतं. साहेबांनी तिथल्या तिथे काकांना पहिल्या पटावर घातलं आणि याला चौथ्या. त्याला भयंकर लाज वाटली. जिन्यात जाऊन त्याने मनाच्या समाधानासाठी मोबाइल उघडला. रेटिंग अठराशे सत्तर! पाच दिवसांत एक चाल न करता!

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा हॉलमधल्या टॅबवर त्याचंच खातं उघडं होतं आणि समोर चष्मा लावून आई बसली होती.

"आई, हे तू खेळतेस?"

"दोन वर्षं झाली. तू सकाळी सांडून जातोस, मी दुपारी भरून ठेवते." तिने समोरच्याचा हत्ती मारला. "या आठवड्यात तू काही सांडलंच नाहीस, म्हणून वर गेलं."

तो समोरच्या खुर्चीत बसला. "मग माझं खरं रेटिंग किती?"

"हजाराच्या आसपास. आता तोंड पाडू नकोस."

"मी सोमवारी साहेबांना सांगतो, संघातून माझं नाव काढा."

आईने टॅब बंद केला, कपाटातून जुना लाकडी पट काढला आणि त्याच्यापुढे मांडला.

"नाव काढायचं नाही," ती म्हणाली. "हात लावलायस ना? मग आता चालव."

त्याने प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आणि आठवणीने पटाशेजारी टेबलावर थाप मारली. घड्याळ तिथे नव्हतंच, पण सवय आतापासून लावलेली बरी.