मेबल नावाचं कुरळं खेचर

आमच्या नेवाडात कुरळ्या केसांचे घोडे पुष्कळ. पण कुरळं खेचर जन्माला घालून दाखवलं ते या पठ्ठ्याने, ऑर्व्हल टटलने! आमच्या कुरळ्या घोडीला एक उमदं गाढव दाखवलं आणि जे शिंगरू झालं, ते कानापासून शेपटीपर्यंत नुसत्या शेवया! नाव ठेवलं मेबल.

शेजारचा मेंढ्यावाला बेन्यात अरांबिदे कुंपणावर रेलून म्हणाला, "लोकर कधी कातरायची रे हिची?"

"हस! हिच्यावर बसून मी भर हिवाळ्यात डोंगर उतरून दाखवीन!"

"तू कसला उतरतोस? तीच उतरवेल तुला!"

चार वर्षं त्याने हाच विनोद पुरवला. मग एका नोव्हेंबरात सकाळीच तो लंगडत माझ्या दारात. चेहरा पांढराफटक.

"ऑर्व्हल, कळप वर अडकलाय. पुलावर बर्फ धरलंय, घोडा घसरला, मेंढ्या पाऊल टाकेनात. संध्याकाळी वादळ येतंय. सगळ्या मरतील रे!" मग जमिनीकडे बघत, "खेचराचं पाऊल बर्फावर घसरत नाही म्हणतात. तुझी ती शेवई आणतोस?"

आणतोस म्हणजे काय! मेंढीच्या कातड्याचा जाड कोट चढवला आणि निघालो. बेन्यात जीपने पुलापर्यंत आला, मी मेबलवरून पलीकडे. पूल तिने असा ओलांडला, जणू चर्चमध्ये चाललीय!

मेंढ्यांच्या मागे लोला होती, बेन्यातची मेंढ्या हाकणारी कुत्री. तिने मेबलला बघितलं. कुरळे केस! कळपाबाहेर! भुंकत धावली आणि मेबलच्या टाचेला चावा!

"बेन्यात! हिला सांग, आम्ही मेंढ्या नाही!"

"तुझा कोट बघून तिला पटेल का?" तो पलीकडून ओरडला.

मेबल उधळली ती थेट पुलावर. आणि काय सांगू! एवढी धिप्पाड मेंढी बिनधास्त चाललीय म्हटल्यावर अख्खा कळप निमूट तिच्या मागे! बेन्यातने टोपी आभाळात उडवली.

आता त्याच्या मेंढवाड्याकडे वळायचं होतं. मी लगाम खेचला. लोलाने पुन्हा चावा घेतला. वळण गेलं!

"डावीकडे, गाढवा!" बेन्यात जीपमधून बोंबलला.

"अर्धं गाढव आहे! उरलेलं घोडं पण ऐकत नाही!"

अशी आमची वरात गावच्या मुख्य रस्त्यावर! खानावळीतून माणसं काटे-चमचे घेऊन बाहेर आली. न्हाव्याचं गिऱ्हाईक फेस लावलेलंच नाचायला लागलं. मी टोपी काढून डावी-उजवीकडे लवत होतो. शेवटी जत्रेच्या मैदानातलं फाटक कुणीतरी उघडलं. शेवटची मेंढी आत शिरली आणि बर्फाला सुरुवात झाली.

बेन्यातचे डोळे भरले. "एकही गेली नाही रे. मेबलची आई पुन्हा व्याली, तर ते शिंगरू माझं! आणि विनोद बंद."

टाळ्या, शिट्ट्या! माझ्या बायकोने, नेडीनने, वाडगाभर गरम रस्सा वर दिला. भाषणं झाली. सगळं मी मेबलवर बसूनच स्वीकारलं.

"काय रुबाब आहे!" लोक म्हणत होते.

रुबाब कसला! मी एक पाय खाली टेकला की लोला मला मेंढ्यांत ढकलत होती!