भाव न लिहिण्याचे शास्त्र

कोणतेही काम आधी कागदावर आकृती काढून मगच हाती घ्यावे, हे मी तंत्रविद्यालयात शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत विजेच्या कामात काटेकोरपणे पाळले. त्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीच्या खानावळीला गिऱ्हाईक मिळवून देणे ही माझ्या दृष्टीने किरकोळ बाब होती. जो माणूस अर्ध्या दमन्हूर शहरात वीज पोहोचवू शकतो, त्याला एका गल्लीत माणसे पोहोचवता येऊ नयेत?

इन्साफची खानावळ म्हणजे चार टेबले, दोन शेगड्या आणि एक कुरकुरणारा पंखा. तिच्या हातची भात भरलेली कोबीची पाने खाताना माणूस सासऱ्याशी झालेले भांडणही विसरतो. पण खायला कोणी येईल तर ना! रमजान चालू होता आणि ईद झाली की दुकान बंद करावे लागणार होते. आशा एकच उरली होती. गावाबाहेरच्या कापूस गिरणीचे इंजिनिअर रऊफ कामगारांच्या जेवणासाठी कायमची खानावळ शोधत होते, आणि मंगळवारी चार सहकाऱ्यांसह आमच्याकडे रोजा सोडायला येणार होते. त्यांचा निरोप स्पष्ट होता : "जिथं गल्लीतले लोक जेवत नाहीत, तिथलं जेवण मी माझ्या कामगारांना घालणार नाही."

"दादा, टेबलं रिकामी दिसली तर संपलंच सगळं!" इन्साफ म्हणाली.

"दिसणार नाहीत! मला फक्त दोनशे पौंड दे आणि तुझा फोन दे."

"दोनशे पौंडांत माणसं येतात?"

"याला डिजिटल मार्केटिंग म्हणतात! मी आठवडाभर त्यावरची व्याख्यानं ऐकतोय. टिपणंसुद्धा काढलीत."

"तू टिपणं काढून पाण्याचा पंप दुरुस्त केला होतास, तेव्हा शेजाऱ्यांच्या नळाला पाणी आलं होतं."

मी तिकडे दुर्लक्ष केले. लग्नाचे सामान भाड्याने देणाऱ्याकडून लांब टेबले आणली, ती गल्लीत एकापुढे एक मांडली, त्यांवर रमजानचे रंगीत कंदील टांगले आणि खुर्चीवर चढून छायाचित्र काढले. चित्र असे भरगच्च दिसत होते की मलाच भूक लागली. त्याखाली लिहिले : 'आज सूर्यास्ताला, मगरिबच्या बांगेला या. इन्साफच्या हातचं गरम जेवण तुमची वाट पाहतंय. सर्वांचं स्वागत!'

"आणि भाव?" इन्साफने विचारले.

"भाव लिहायचा नसतो! भाव वाचला की माणूस पुढे सरकतो. नाही वाचला की विचारायला येतो. शास्त्र आहे ते."

मंगळवारी सकाळी मी ते खानावळीच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकले, दोनशे पौंड भरून जाहिरातही लावली आणि निकालाची वाट पाहू लागलो. दुपारपर्यंत प्रतिसादाचा पूर लोटला! 'अल्लाह तुमच्या घरात बरकत देवो.' 'तुमच्या आईवडिलांना जन्नत नसीब होवो.' 'अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय!' न जेवताच खानावळीवर इतके खूश झालेले गिऱ्हाईक मी जन्मात पाहिले नव्हते. मी इन्साफला एकेक प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ती कांदा चिरताना थांबली.

"दादा, आईवडिलांचं नाव कशाला काढतायत?"

"रमजान आहे. लोक हळवे होतात."

ऊन कलले तशी माणसे येऊ लागली. आधी टुकटुकवाले आले, मग हमाल, मग बसस्टँडवरचे परगावचे प्रवासी, मग एक आजोबा आपल्या सात नातवंडांसह! सगळे शिस्तीत बसले, हात मांडीवर ठेवून, बांगेची वाट पाहत. इंजिनिअरसाहेबांसाठी मी पांढरी चादर घालून राखून ठेवलेल्या टेबलाच्या मधोमध ते आजोबा विराजमान झाले. माझी छाती फुगली. तेवढ्यात चौकातला कसाई मुअल्लिम शलबी दोन माणसांच्या खांद्यावर रश्श्याचे भले मोठे पातेले देऊन हजर झाला.

"काय हो उस्ताद वग्दी! पुण्य एकट्यानंच लुटायचं? शेजाऱ्यांना कळवायचं तरी! हा घ्या आमचा वाटा!"

"कसला वाटा?"

"अहो, मोफत इफ्तारच्या ताटाचा! सगळ्या गावात तुमचाच फोटो फिरतोय!"

माझ्या डोक्यातला मुख्य फ्यूज उडाला. गल्लीभर लांब टेबले, वर कंदील, सर्वांचे स्वागत आणि भावाचा पत्ता नाही! रमजानमध्ये असे टेबल म्हणजे धर्मार्थ जेवण, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही कळते. फक्त टिपणे काढणाऱ्याला कळत नाही.

मी धावत स्वयंपाकघरात गेलो. इन्साफने सगळे ऐकले होते. तिचा चेहरा कोबीच्या पानासारखा पांढराफटक पडला होता.

"किती माणसं आहेत?"

"शंभरावर."

"मी तीस जणांचं केलंय, दादा! तीस!"

"मी बाहेर जाऊन सांगतो, की हे विकतचं..."

"खबरदार!" तिने डाव उगारला. "दिवसभराच्या उपाशी माणसाला बांगेच्या तोंडावर उठवणार? पिढ्यान्‌पिढ्या तोंड दाखवायला जागा राहणार नाही! पातेलं उचल!"

मी पातेले उचलले. शलबीचा रस्सा वाढला, त्यात पाणी वाढवले, समोरच्या बेकरीवाल्याने पुण्यात वाटा म्हणून भाकऱ्यांच्या टोपल्या पाठवल्या, एका म्हातारीने खजुराची पिशवी आणून माझ्या हाताचे चुंबन घेतले. मी शरमेने मरत होतो आणि सूर्य माझ्याकडे न पाहता खाली उतरत होता. नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली.

इंजिनिअर रऊफ चार सहकाऱ्यांसह उतरले. गर्दी पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. आजोबांनी नातवंडे मांडीवर घेऊन साहेबांना जागा करून दिली. बांग झाली. शंभर हात एकदम खजुराकडे गेले. मी खांबाआड उभा राहून साहेबांचा प्रत्येक घास मोजत होतो. पहिला घास... दुसरा... मान डोलली! तिसरा... आणि मग त्यांनी शेजारच्या टुकटुकवाल्याला विचारले, "इथं ताटाचे किती घेतात?"

टुकटुकवाल्याचा घास हातातच राहिला. "घेतात? रमजानमध्ये? साहेब, तुम्ही कुठल्या गावचे?"

रऊफ चमकले. हात धुऊन सरळ इन्साफसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, मला लाज वाटली. मी इथं दराची घासाघीस करायला आलो होतो. देवासाठी एवढ्या लोकांना जेवू घालणाऱ्या घराला माझ्या गिरणीचे पैसे कशाला हवेत? ते काम मी एखाद्या गरजू माणसाला देतो."

इन्साफ एक शब्द बोलली असती तर खानावळ वाचली असती. पण मागे शंभर माणसे जेवत होती, आणि तो शब्द ऐकून प्रत्येकाचा हात ताटावरच थांबला असता. तिने एकदा त्या जेवणाऱ्यांकडे पाहिले.

"भात आणखी घ्या ना, साहेब. तुम्ही फार थोडा घेतलात."

साहेब नमस्कार करून निघाले. मी हातात डाव, कमरेला तिचे फुलाफुलांचे फडके अशा अवस्थेत मोटारीमागे धावलो आणि दाराला लटकलो.

"साहेब! गरजू माणूस हीच आहे! चूक माझी आहे! मी भाव लिहिला नाही!" मग मी श्वास न घेता सर्व सांगितले : टिपणे, कंदील, शास्त्र.

"म्हणजे हिला हे ठाऊक नव्हतं?"

"शलबी कसाई पातेलं घेऊन येईपर्यंत नव्हतं."

"आणि कळल्यावरही एकाला उठवलं नाही?"

"रोजेदाराला कसं उठवणार, साहेब?"

रऊफना असे हसू फुटले की त्यांना सीटवर मान टाकावी लागली. "तिला उद्या सकाळी गिरणीवर पाठवा. दर ठरवू." मी आभार मानणार, तोच त्यांनी काच अर्धी वर घेतली. "तिला. तुम्ही नका येऊ."

आज सकाळी इन्साफ गिरणीवर गेली आहे. मी खानावळीत भांडी पुसत, एकूण मोहीम यशस्वी झाली असे अनुमान काढत होतो. काम झाले, तेही फक्त दोनशे पौंडांत! तेवढ्यात फोन वाजला. 'अभिनंदन! तपासणी पूर्ण होऊन आपली जाहिरात मंजूर झाली आहे. आता ती दमन्हूर आणि आसपासच्या सर्व गावांत दाखवण्यास सुरुवात होत आहे.'

म्हणजे कालची गर्दी जाहिरातीची नव्हतीच! ती नुसत्या फुकट टाकलेल्या फोटोची होती! जाहिरात आत्ता सुरू झाली!

ही जाहिरात बंद करण्याचे बटण नेमके कोठे असते, हे वाचकांपैकी कोणास ठाऊक असल्यास कृपया तातडीने कळवावे. माझ्या टिपणांत ते नाही. आणि गल्लीच्या टोकाशी आत्ताच एक बस येऊन थांबली आहे.