रामफळावरचा डबा

आमच्या शेजारची चिमाकाकी कोणाला "कसा हायस" म्हणून विचारत नसे. ती विचारायची, "जिता हायस ना?" टपालवाल्याला हेच, देवळातल्या गुरवाला हेच, आणि एकदा अलिबागहून देवी टोचायला आलेल्या डॉक्टरलाही हेच. डॉक्टर बिचारा सुई बाजूला ठेवून स्वतःचीच नाडी बघायला लागला.

नागावात आमची दोन घरं पाठीला पाठ लावून. मधे शेराच्या झाडांचं कुंपण, आमच्याकडे त्याला वई म्हणतात, आणि वईच्या पलीकडे तिचं रामफळाचं झाड. रामफळ पिकलं की रात्री वटवाघळं येतात. त्यांना हाकलायला म्हणून तिने झाडावर घासलेटचा रिकामा डबा टांगला होता. डब्यात मेलेल्या नवऱ्याचा मोडका अडकित्ता लोंबत ठेवलेला. डब्याची दोरी खिडकीतून आत, थेट तिच्या खाटेपर्यंत. म्हातारी पडल्या पडल्या दोरी ओढायची आणि डबा असा खडखडायचा की वटवाघळं एका दमात रेवदंडा गाठत असावीत.

ती दोरी मीच वळून दिलेली. आमचा धंदाच तो. नारळाची सोडणं खाडीत कुजवायची, कुटायची, काथ्या काढायचा आणि सुंभ वळायचा. दुसरीत शाळा सुटली ती याच्यासाठीच. माझी बायको यमुना म्हणाली, "काकीला एक चांगली वळून द्या, वर्षानुवर्षं टिकेल अशी." दिली. बायकोचं ऐकल्याचे परिणाम असे उशिरा कळतात.

तेव्हा मला डब्याचा त्रास नव्हता. मी झोपणारा माणूस. डोकं उशीला टेकायच्या आत माझा कारभार आटपलेला असायचा. बायको म्हणायची, "तुमच्या अंगावरून बैलगाडी गेली तरी तुम्ही नुसती कूस बदलाल."

मग बायको गेली. ऐन पावसाळ्यात, तापाने. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, लिहून काही होत नाही. एवढंच सांगतो, आमची खाट मीच दोघांच्या अंदाजाने विणलेली. आता माझी बाजू खाली गेलेली आणि तिची बाजू तशीच ताठ. रात्रभर मी बांधाच्या उतारावर टाकल्यासारखा पडायचो आणि डोळे उघडे.

आणि त्याच पावसाळ्यापासून चिमाकाकीचा डबा रोज वाजायला लागला.

रामफळ येतं होळीच्या मागेपुढे. हा भाद्रपद. झाडावर पानं होती, मुंगळे होते आणि डबा होता. तरी मला जरा गुंगी यावी, की खडाखड, खडाखड. मी उठून ओरडायचो, "म्हातारे, डबा चेपून तुझ्या चुलीत घालीन." लगेच डबा गप्प. सकाळपर्यंत गप्प. मी मनात म्हणायचो, बारक्या, अजून तुझ्या आवाजाला जरब आहे. बघा माझी अक्कल.

पण जरब दाखवून झाल्यावर झोप पार उडालेली असायची. इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण मला चिमाकाकीच्या राज्यातून सुटका नव्हती. पोलीस पाटलाकडे गेलो. तो पाटावर बसून मासे निवडत होता.

"चोरीला काय गेलं?" त्याने विचारलं.

"झोप."

"मग पंचनामा कशाचा करू, तुझ्या डोळ्यांचा?" असं म्हणून त्याने दोन बांगडे हातावर ठेवले आणि मला घरी पाठवलं.

मग कानात खोबरेल सोडून वर कापूस कोंबला. डबा ऐकू यायचा तो आलाच, वर मुंग्या लागल्या. चौलला भाच्याकडे एक रात्र झोपायला गेलो. तिथे डबा नव्हता, पण ढेकूण होते, आणि ढेकणांना शिवी दिली तर ते गप्प बसत नाहीत.

दिवसा मात्र कुठेही झोप यायची. एकदा दुपारी सुंभ वळता वळता पेंगलो. हात आपले चालूच. धोतराचा सोगा कधी काथ्यात गेला ते कळलं नाही. रस्त्यावरून गिऱ्हाइकाने हाक मारली म्हणून उठून निघालो, तर सगळा सुंभ माझ्या मागून अंगणभर फरफटत आला. गिऱ्हाईक म्हणालं, "बारकूशेट, माल आपल्या पायांनी चालत आलेला आज पहिल्यांदा बघतोय." सोगा कापून काढावा लागला. तेवढं धोतर आखूड झालं ते झालंच.

शेवटी दोरीच तोडायची ठरवली. कोयता घेतला, वईवरून वाकलो आणि तीन घाव घातले. कोयत्याला खाच पडली, दोरी होती तशी. इतकी चोख वळलेली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. तेवढ्यात खिडकीत चिमाकाकी.

"काय करतोस रे बारक्या?"

"माशी मारतो."

"कोयत्यान?"

"मोठी हाय."

तिने माझ्याकडे बघितलं, कोयत्याकडे बघितलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाली, "जिता हायस ना, मग झालं."

आता डोकं चालवायचं ठरवलं. विचार केला, म्हातारीला कळू दे की आपण एका झोपलेल्या माणसाला छळतोय. तिला लाज वाटेल. त्या रात्री मी जागेपणी घोरायला लागलो. चांगला दणदणीत घोरलो. डबा वाजला. मी आणखी जोर लावला. डबा आणखी जोरात. शेजारी शेजारी दोघं म्हातारे, एक घशाने आणि एक डब्याने, वाडीतली कुत्री भुंकायला लागली तरी थांबेनात. माझा घसा बसला. मग मी ठरवलं, आता काहीच करायचं नाही. घोरायचं नाही, शिवी द्यायची नाही. बघू किती वाजवते.

ती वाजवत राहिली. मी दात खाऊन पडून राहिलो. मग एकदम डबा थांबला. मला वाटलं, जिंकलो.

थोड्या वेळाने दाराची कडी बाहेरून काडीने उचलल्याचा आवाज आला. डोळे किलकिले करून बघतो तर कंदील घेऊन चिमाकाकी. केस सुटलेले, पाय चिखलाने भरलेले, लुगड्याला शेराचा चीक. या वयात ती वईतून घुसून आली होती. कंदील माझ्या तोंडावर धरला आणि दोन बोटं माझ्या नाकाखाली. बोटांना तपकिरीचा वास. मी अशी शिंक दिली की कंदील विझता विझता राहिला.

म्हातारी मटकन खाली बसली.

"जिता हायस," ती म्हणाली. पहिल्यांदाच विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

मग भडकली. "मेल्या, तोंडान बोलायला काय झालं होतं?"

"आन तुला डबा बडवायला काय झालंय? झाडाला एक तरी फळ हाय काय?"

"फळाचं कोण बोलतंय?" तिने कंदील खाली ठेवला. "आमचा म्हातारा असाच गेला. माझ्या बाजूला झोपला होता. मी उठले, चूल पेटवली, चहा केला, दोन हाका मारल्या. चहा गार झाला तवा जाऊन बघितलं. रातचाच कवातरी गेलेला. मी हातभर लांब निजलेली, मला पत्ता न्हाय."

मी उठून बसलो.

"तू आदी घोरायचास," ती म्हणाली. "भिंतीपल्याड ऐकू यायचं. मी म्हणायची, चला, हाय. यमुना गेली आन तुझं घोरणं बंद. मला कसं कळायचं? म्हणून दोरी ओढते. तू शिवी घालतोस, मग मी पडते."

"हाक मारायची."

"हाकेला ओ देतोस तू? यमुना गेल्यापासून कोणाशी धड बोललास काय? येक शिवी तेवढी जागच्या जागी येते तुझी."

हे खरं होतं, म्हणून मला राग आला. म्हटलं, "आज तर घोरत होतो मी."

"ढोंग करत व्हतास. शीळ कुठं व्हती?"

"कसली शीळ?"

"तुला ठावं न्हाय?" तिला आता हसू आलं. "घोरून झाल्यावर शेवटाला बारीक शीळ घालतोस तू. यमुना इहिरीवर तुझी नक्कल करायची. हसता हसता कळशी सांडायची बाय. म्हणायची, काकी, ती शीळ आली का मगच माझा डोळा लागतो."

एवढा संसार झाला, मला कोणी सांगितलं नाही. आणि सांगणार तरी कधी, मी झोपलेला. मी आपला समजत होतो की माझ्या घोरण्याने बायकोची झोप मोडते. दोनदा तिला म्हणालोही होतो, तू पडवीत झोप. ती गेली नाही. का गेली नाही, ते मला तिच्या माघारी, चिखलाने भरलेल्या पायांची म्हातारी सांगत होती.

चिमाकाकीने कंदील उचलला. मी दारापर्यंत गेलो. वईतून परत जाऊ नको, रस्त्याने जा, एवढंच बोललो. ती वईतूनच गेली.

दुसऱ्या दिवशी उजेडात दोरी बघितली. कोयत्याला दाद न देणारी दोरी फांदीवर घासून घासून एका जागी झिजली होती. दोन धाग्यांवर धरलेली. आणखी महिनाभरात आपोआप तुटली असती आणि मी मोकळा झालो असतो.

मी चांगला पिवळा काथ्या काढला आणि बसलो. या वेळी धोतर सांभाळून. दुपारपर्यंत नवी दोरी तयार झाली. अंदाजापेक्षा लांब झाली. जुनी सोडून नवी मधोमध डब्याला बांधली, एक टोक तिच्या खिडकीतून आत दिलं, दुसरं वईवरून आणून माझ्या खाटेच्या दांडीला बांधलं.

"हे रं कशाला?" ती खिडकीतून म्हणाली. "रामफळ माझं हाय."

"वटवाघळं कोणाची, ते कुठं ठरलंय?"

त्या रात्री डबा वाजला नाही. मी बराच वेळ वाट बघितली. मग मला धीर निघेना. मी दोरी ओढली.

पलीकडून जी शिवी आली, ती मी या वयात पहिल्यांदा ऐकली. फार बरं वाटलं. मी सरकून यमुनाच्या ताठ बाजूवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. शीळ आली की नाही, ते सकाळी चिमाकाकीलाच विचारावं लागलं.