अंगवळणी

शिंपीकाकांनी चहाचा घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. खालच्या हिरडीला आतून जणू कुणी तापलेली इस्त्री टेकवली होती.

"चहा बिघडलाय का?" काकूंनी विचारलं.

"छे! फक्कड झालाय," काका म्हणाले आणि काकू आत वळताच त्यांनी कप खिडकीतल्या कुंडीत रिकामा केला. कुंडीतल्या रोपाला अलीकडे दोघांच्याही कपातला चहा मिळत होता, पण हे त्या रोपालाच ठाऊक.

दोघांच्या कवळ्या एकाच आठवड्यात तयार झाल्या होत्या. "ओळखायला आतून ठिपका देऊ का?" असं डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा काका दुखावले होते. "जन्म गेला मापं घेण्यात. माझं माप मला कळणार नाही?"

"बरं. सुरुवातीला थोडं टोचेल. फार टोचलं तर या, घासून देते."

त्यातलं 'टोचेल' एवढंच काकांनी लक्षात ठेवलं. ते स्वतः दुकानात दुसरं काय सांगत? गिऱ्हाइकाचा हात बाहीत अडकला तरी त्यांचं उत्तर ठरलेलं. "चार दिवस घाला. अंगवळणी पडेल." शिवलेला कपडा उसवणं त्यांना बेअब्रूचं वाटे. डॉक्टरबाईंचा पांढरा कोटही त्यांनीच शिवलेला. काखेत काचतो म्हणून बाई आल्या, तेव्हा त्यांनाही हेच ऐकवून परत धाडलं होतं.

पण आता आठवडा झाला, तरी तोंडातलं दुखणं अंगवळणी पडेना. एक दिवस आरशात गाल ओढून पाहिलं, तर पांढरट, लालबुंद कडांचा व्रण! काकांच्या मनात कॅन्सरची पाल चुकचुकली. त्याला कारणही तसंच होतं. 'ह्यांनी तंबाखू कधीच सोडली' असं काकू चारचौघांत कौतुकाने सांगत, आणि पुडी मात्र बटणांच्या डब्यात तळाशी सुखरूप होती.

"दोरा संपलाय, आणतो," असं सांगून काका दवाखान्यात जाऊन बसले. बाकावरच्या तिघांच्याही अंगावर त्यांनीच शिवलेले कपडे होते. तिघांनी अदबीने सरकून जागा दिली. इतक्यात दार उघडलं आणि तोंडाला रुमाल लावून काकू आत आल्या.

"तू इथे? शेजारी जाणार होतीस ना?"

"आणि तुमचा दोरा दातांच्या दवाखान्यात मिळतो वाटतं!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. काका काकूंच्या कानाशी वाकले. "अगं, मी अजून तंबाखू खातो."

काकूंना ऐकू जरा कमी येई. "काय खाता?"

"तंबाखू."

"नीट बोला हो, पुटपुटू नका!"

"तंबाखू!" काका ओरडले. "चोरून! बटणांच्या डब्यातली! आणि आता मला कॅन्सर झालाय!"

बाकावरचे तिघं दचकले. एकाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, तेही उलटं. काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. काकू मात्र रागावल्या नाहीत. त्यांची मान खाली गेली.

"डबा मला माहितीये," त्या हळूच म्हणाल्या. "काजं करताना मीही चिमूटभर घेते त्यातली. आता मलाही फोड आलाय."

"तू घेतेस? आणि मी समजत होतो, माझंच प्रमाण वाढलंय!"

डॉक्टरबाईंनी दोघांनाही एकदमच आत बोलावलं. व्रण पाहिले, कवळ्या हातात घेऊन फिरवल्या, परत लावून हलवून पाहिल्या. "खूप दुखतं?"

"जीव जातो."

"दुखणारच. तोंडातलं कातडं पातळ असतं. ते सोललं की खालचे मज्जातंतू उघडे पडतात. त्यात सूज आली की ते आणखी चिडतात, मग कोमट चहाचाही चटका बसतो."

"म्हणजे अस्तर फाटून आतली शिवण उघडी पडली," काका म्हणाले.

"अगदी तसंच. कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखतही नाही. पुढे वाढून नसांवर दाब आला की छळतो. म्हणून दुखो न दुखो, दोन आठवड्यांत भरला नाही तर तो व्रण मला दाखवायचाच. आणि ती पुडी?"

काकांनी निघताना डब्यातून खिशात टाकलेली पुडी काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकली. पाठोपाठ काकूंनी रुमालाची गाठ सोडून आपली चिमूट टाकली.

"आता कवळ्या काढा," बाई म्हणाल्या. त्यांनी त्या धुतल्या आणि काकांची काकूंना दिली, काकूंची काकांना. दोन्ही टक्‌कन बसल्या.

"अगंबाई! गेल्या आठवड्यात सुनेने कवळ्या ठेवायच्या वाट्या घासल्या होत्या, तेव्हाच अदलाबदल झाली," काकू उद्गारल्या.

आयुष्यभर गावाची मापं घेतलेला माणूस आठवडाभर बायकोचे दात लावून हिंडला होता. काकांना मान वर करवेना.

"काका, आठवडाभर हे सहन केलंत? यायचं नाही का?"

"वाटलं..." काका पुटपुटले. "वाटलं, अंगवळणी पडेल."

बाईंनी दिवा मागे सारायला हात वर केला. हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. मग त्यांनी सवयीने दुसऱ्या हाताने दिवा ढकलला.

काका बघतच राहिले.

"बाई, कोट काढून द्या. काखेत उसवून आणतो."

"राहू द्या हो काका, आता पडलाय अंगवळणी."

"नाही पडत, बाई," काका खालमानेने म्हणाले. "काढा."