सोपानरावांची बिडी आणि बायडाबाईची शेळी

सोपानरावांनी बिडी सोडली, ही बातमी गावाला सोपानरावांनीच दिली. पारावर दिली, दूध डेअरीवर दिली, जुन्नरच्या एसटीत तिकीट काढता काढता कंडक्टरलाही दिली.

‘‘बत्तीस वर्सांची बिडी एका झटक्यात सोडली राव! मनावर घेतलं की काय अवघड न्हाई!’’

मनावर त्यांनी नव्हे, त्यांच्या बायकोनं, साळुबाईनं घेतलं होतं. जुन्नरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं, ‘‘फुप्फुसं चुलीमागच्या भिंतीसारखी झालीत. आणखी ओढलीत तर चप्पल घालतानाही दम लागेल,’’ तेव्हा साळुबाई तिथंच रडली. घरी आल्यावर तिनं नवऱ्याचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

‘‘घ्या शपथ. पुन्यांदा बिडी ओढली तर मी मेले समजा!’’

सोपानरावांनी शपथ घेतली. शपथ चांगली नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी त्यांनी बैलाला उगाच शिव्या घातल्या, मीठ जास्त म्हणून ताट सरकवलं, मीठ कमी म्हणून पुन्हा ओढलं, आणि शेवटी मनाशी ठरवलं की एका बिडीनं कुणाची बायको मरत नसते.

गावातल्या दुकानदार लालचंदशेठना साळुबाईनं आधीच दम भरला होता. म्हणून बंडल बेल्ह्याच्या बाजारातनं आलं. लपायला स्वतःचा ऊस होता. सगळं जमलं, फक्त खोकला जमेना! बिडीमागून तो यायचाच. आणि सोपानरावांचा खोकला साधा नव्हता. आधी करवत ओढल्यासारखी घरघर, मग छातीच्या तळातनं दोन हुंकार.

बांधावरून चाललेल्या धर्माजीनं तो ऐकला आणि एक चप्पल तिथंच टाकून गावात पळत आला.

‘‘बिबट्या! सोपानच्या उसात डुरकतोय! ह्या कानांनी ऐकलं!’’

त्या वर्षी आमच्या भागात बिबटे इतके झाले होते की कुणी शंका घेतली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी ऐकलं. एकानं तर शेपूटही पाहिलं! पोरांची संध्याकाळची शाखा, शिकवणी, क्रिकेट, सगळं बंद. साळुबाई नवऱ्याच्या मागं थाळी बडवत शेतापर्यंत जायला लागली. सोपानरावांना सगळं कळत होतं आणि तोंड उघडता येत नव्हतं.

आठवड्यानं वनखात्यानं पिंजरा आणला. तो बसवायला सोपानरावच पुढं! जागा त्यांनी दाखवली, वरून उसाचं पाचट त्यांनी पसरलं, आतल्या जाळीपलीकडच्या कप्प्यात शेजारच्या बायडाबाईची शेळी त्यांनीच बांधली.

‘‘ह्या फळीवर पाय पडला की मागचं दार खाली येतं,’’ गार्ड म्हणाला. ‘‘आता उसात कुणी फिरकायचं नाही.’’

झाली पंचाईत! ऊस बंद, गोठ्यात साळुबाई, ओढ्यावर राखण. दोन दिवस सोपानरावांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जिथं कुणी म्हणजे कुणीच येणार नाही, अशी शिवारात एकच जागा होती. वर पाचटाचं छप्पर, वारा नाही, शिवाय खरा बिबट्या आलाच तर भोवती लोखंडी गज!

सोपानराव वाकून पिंजऱ्यात शिरले, फळी टाळून बसले आणि बिडी पेटवली. शेळीनं शिंक दिली. सोपानराव तिला ‘‘गप गं बाई’’ म्हणायला पुढं सरकले.

धाडकन दार पडलं!

‘‘घावला! घावला!’’ गावातनं आरोळी उठली. दचकून धूर उलटा गेल्यानं सोपानरावांना अशी ढास लागली की ‘मी हाय’ म्हणायलाही श्वास पुरेना. बिडी चोळून विझवेपर्यंत पिंजऱ्याभोवती दोनशे माणसं! तासाभरात वनखात्याची जीप आणि जनावरांचे डॉक्टर.

‘‘पाचट काढू नका, बिथरेल,’’ डॉक्टर म्हणाले आणि कान देऊन ऐकू लागले. आतनं घरघर चालूच होती. ‘‘म्हातारा नर आहे. छाती पार कामातनं गेलीय. फार दिवस काढायचा नाही. बेशुद्धीची सुई काढा रे!’’

सोपानरावांना एव्हाना बोलता येत होतं. पण बोलावं तर बाहेर साळुबाई, न बोलावं तर सुई. त्यांनी नीट विचार केला आणि सुई घ्यायचं ठरवलं.

तेवढ्यात साळुबाईचा हंबरडा ऐकू आला.

‘‘अवं, माजं मालक सांजपासनं घरी न्हाईत! ह्यानंच नेलं त्यास्नी!’’ धर्माजीच्या हातातली कुऱ्हाड हिसकून ती पिंजऱ्यावर घालायला लागली. ‘‘मेल्या, लई साधा माणूस व्हता रं! माज्यासाठी बिडी सोडली व्हती त्यानं!’’

सोपानरावांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

‘‘साळू... अगं, मी हाय.’’

दोनशे माणसं चार पावलं मागं सरली. गार्डनं पाचट ओढून बॅटरी मारली. सोपानराव मांडी घालून बसले होते, कानावर एक बिडी खोचलेली.

साळुबाईनं कुऱ्हाड टाकली, गजांतनं हात घालून आधी नवऱ्याचं तोंड चाचपलं. मग हात कानाकडं गेला.

‘‘ही कवापासनं?’’

‘‘पंधरा दिस झालं.’’

तिनं बिडी कानावरनं ओढून काढली. ‘‘डाक्टर आत्ता काय म्हनलं, ऐकलंत न्हवं? फार दिस न्हाईत म्हनलं!’’

‘‘अगं, ते बिबट्याला म्हनत व्हतं!’’

‘‘छाती कुनाची व्हती?’’

 डॉक्टर जीपकडं बघायला लागले. सोपानरावांनी खिशातलं अख्खं बंडल काढलं आणि सगळ्या गावादेखत बाहेर भिरकावलं. ते गजावर आपटून जाळीपलीकडं शेळीपुढं पडलं. शेळीनं दोऱ्यासकट खाल्लं!

‘‘माजी शेळी गं!’’ बायडाबाई किंचाळली.

शेळीला काही झालं नाही. फक्त चव लागली. बिडीचा वास आला की ती त्या खिशात तोंड घातल्याशिवाय राहीना.

सोपानरावांनी बिडी खरंच सोडली. पहिला महिना फार वाईट गेला, पण आता ते बांधावरून न थांबता घरी येतात. साळुबाईचा मात्र शपथेवरचा विश्वास उडाला. बदल्यात एक तरणी शेळी देऊन तिनं बायडाबाईकडनं ती शेळी घेतली आणि दारात बांधली. सोपानराव रोज उंबऱ्याबाहेर हात वर करून उभे राहतात. शेळी खिसे हुंगते, धोतर हुंगते, तोंडाचा वास घेते. तिनं मान फिरवली की साळुबाई ताट वाढते.

परवा जुन्नरहून एसटीनं आले. शेजारी कुणी बिडीवाला बसला असावा. शेळीनं त्यांचा सदरा धरला तो सोडेना!

‘‘अगं, आईच्यान न्हाई ओढली! तुज्या गळ्याची शपथ, मी...’’

‘‘तुमी गप ऱ्हावा,’’ साळुबाई म्हणाली. ‘‘तिला बोलू द्या.’’